पशुपक्ष्यांचे शिकणे आणि श्रावकाचे पाच अतिचार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत जीवदया या विषयावर अनेक अधिकारी वक्त्यांनी आणि पूज्य साधु-साध्वींनी आपल्याला मार्गदर्शन केले आहे. त्याच विषयाकडे आज मी थोड्या निराळ्या वाटेने जाऊ इच्छितो. ती वाट मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून जाते. प्राणी कसे शिकतात, या प्रश्नाचा गेली सव्वाशे वर्षे पद्धतशीर अभ्यास झाला आहे. त्यातून काय हाती लागले आणि श्रावकाच्या अहिंसाणुव्रताशी त्याचा संबंध कोठे येतो, एवढेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. विज्ञानाने आपले शास्त्र सिद्ध केले, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. शास्त्राचा पाया वेगळा आहे आणि प्रयोगाचा वेगळा. दोहोंची गाठ आपल्या आचरणात पडते, आणि मला बोलायचे आहे ते त्या आचरणाविषयी.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत. बंध म्हणजे बांधून किंवा कोंडून ठेवणे, वध म्हणजे येथे मारझोड करणे, छेद म्हणजे अवयव कापणे वा टोचणे, अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे दाणापाणी रोखणे. या पाचांत प्राण घेण्याचा उल्लेख नाही. जो मनुष्य जाणूनबुजून जीव मारीत नाही, पण ज्याच्या गोठ्यात बैल आहे, दावणीला म्हैस आहे, अशा गृहस्थाला उद्देशून हे पाच दोष सांगितले आहेत. जनावराकडून काम करून घ्यायचे, त्याला वळण लावायचे म्हटले की माणसाचा हात सहजच ज्या साधनांकडे जातो, त्यांचीच ही यादी आहे, असे मला वाटते. ही यादी मनात ठेवून आता आपण प्रयोगशाळेत जाऊ.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण अभ्यासकाने १८९८ साली आपला प्रबंध सिद्ध केला. तो भुकेल्या मांजराला लाकडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडी आणि बाहेर खाद्य ठेवी. आतील दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. पहिल्या खेपेस मांजर ओरखडे, चावे, अंग घुसळी, आणि त्या धडपडीत केव्हातरी योगायोगाने खटका दाबला जाई. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरर्थक धडपड हळूहळू कमी होई आणि सुटकेला लागणारा वेळ घटत जाई. यावरून त्याने परिणामाचा नियम मांडला. ज्या कृतीचा परिणाम सुखद असतो ती कृती दृढ होते, ज्या कृतीचा परिणाम त्रासदायक असतो ती क्षीण होते.

या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते बी. एफ. स्किनर यांनी. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने साधक अभिसंधान, म्हणजेच ऑपरंट लर्निंग, ही संकल्पना रुजवली. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला घंटा ऐकून पाणी सुटते, तेथे प्राणी केवळ प्रतिसाद देतो. साधक अभिसंधानात प्राणी आधी स्वतः काही करतो, आणि त्या करण्याला कोणते फळ मिळते त्यावर पुढचे करणे ठरते. उंदराने पेटीतील दांडी दाबली की दाणा मिळतो. हा दाणा म्हणजे प्रबलक. दर वेळी दाणा न देता अधूनमधून, अनिश्चितपणे दिला, तर दाणा बंद झाल्यावरही उंदीर फार काळ दांडी दाबत राहतो, हे स्किनर यांच्या संशोधनाचे एक मोठे फलित होय. जुगाराच्या यंत्रापुढून माणूस का उठत नाही, याचा उलगडा त्यात होतो.

१९४८ सालचा त्यांचा एक प्रयोग तर धर्माचरण करणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावा असा आहे. आठ कबुतरांना त्यांनी ठराविक अंतराने दाणे दिले. कबुतराने काहीही केले किंवा न केले, तरी दाणे यायचेच. तरीही आठांपैकी सहा कबुतरांना विशिष्ट हालचालींची सवय जडली. एक गोल गोल फिरू लागले, एक कोपऱ्यात डोके खुपसू लागले, कोणी लंबकासारखी मान हलवू लागले. आपल्या हालचालीमुळेच दाणे येतात, अशी जणू त्यांची समजूत झाली होती. पुढे १९७१ साली स्टॅडन आणि सिमेलहॅग या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यांतील बऱ्याच हालचाली खाद्याची वाट पाहणाऱ्या पक्ष्याच्या स्वाभाविक हालचाली आहेत, असे त्यांचे मत पडले. तो वाद बाजूला ठेवला, तरी कार्यकारणभाव न तपासता केलेल्या क्रियेला आपले आचार्य लोकमूढता का म्हणतात, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

परंतु बंधुंनो, त्या कबुतरांकडे आता पाच अतिचारांच्या दृष्टीने पाहा. प्रयोगापूर्वी त्यांचे वजन पोटभर खाणाऱ्या पक्ष्याच्या वजनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत उतरवले होते. हा अन्नपाननिरोध झाला. पेटी हा बंध झाला. अन्य प्रयोगांत विजेचे धक्के दिले गेले, तो वध झाला. हे ज्ञान जीवांना पीडा देऊन मिळवलेले आहे, ही गोष्ट झाकून ठेवणे उचित नाही. तशा प्रयोगांचे समर्थन मी करीत नाही. मात्र जी पीडा होऊन गेली ती आता परत घेता येत नाही, आणि तिने जे उघड केले त्याकडे पाठ फिरवली तर ती वायाच जाईल. म्हणून त्या प्रयोगांनी पीडेविषयीच काय सांगितले, ते आता पाहू.

शिक्षा हे शिकवण्याचे कच्चे साधन आहे, असा स्किनर यांचा निष्कर्ष होता. दांडी दाबताच उंदराच्या पंजाला फटका बसेल अशी योजना त्यांनी केली. उंदीर काही काळ थांबले, पण पुढे त्यांनी दांडी दाबलीच, आणि एकूण बेरीज फटका न खाल्लेल्या उंदरांइतकीच भरली. फटक्याने इच्छा नाहीशी झाली नव्हती, ती केवळ दबली होती. शिक्षा पुरेशी कठोर असेल तर वर्तन खरोखर बंद पडते, हेही पुढील संशोधकांनी दाखवले. परंतु त्या कठोरपणाची किंमत दुसरीकडून वसूल होते. १९६२ साली उलरिच आणि अझ्रिन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की शांतपणे एकत्र असलेल्या दोन उंदरांना विजेचा धक्का बसला की ते एकमेकांवर तुटून पडतात. धक्का देणारा त्यांच्या आवाक्यात नव्हता, शेजारी मात्र होता. मार खाणारे जनावर मारके का होते, याचे उत्तर येथे मिळते. अलीकडे, २०२० साली, पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दटावून, हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली, त्यांच्या लाळेत ताणाचे संप्रेरक अधिक वाढलेले आढळले. खाऊ देऊन शिकवलेल्या कुत्र्यांची स्थिती त्याहून चांगली होती.

याहूनही गंभीर असा प्रयोग सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना धक्के दिले गेले, पण डोक्याने फळी दाबली की ते धक्के थांबवता येत. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के मिळाले, पण काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर सर्वांना अशा पेटीत ठेवले की मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका व्हावी. पहिल्या गटातील कुत्रे उडी मारून सुटले. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्रे जागच्या जागी बसून धक्के सोसत राहिले. आपल्या करण्याने काही बदलत नाही, असे ते शिकले आहेत, असे त्या वेळी मानले गेले. २०१६ साली याच दोघा संशोधकांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे हे प्रतिपादन उलटवले. दीर्घ पीडेत हतबल होणे हा जीवाचा मूळ प्रतिसाद आहे, आणि परिस्थिती आपल्या हाती आहे ही जाणीव मात्र शिकावी लागते, असे ते आता म्हणतात. त्या हतबल कुत्र्यांपैकी काहींना गळ्यात दोरी बांधून पुन्हा पुन्हा अडथळ्यापलीकडे ओढून नेल्यावर ते हळूहळू स्वतः उडी मारू लागले, असेही त्यांना आढळले होते.

पांजरपोळ चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. कसायाच्या गाडीतून सोडवून आणलेली गाय मान खाली घालून उभी असते. कोणी जवळ गेले तरी हलत नाही. भेट देणारे म्हणतात, किती गरीब गाय आहे! ते गरीबपण नेहमी समाधानाचे असतेच असे नाही. आजवर काहीही करून उपयोग झाला नाही, या अनुभवाचीही ती खूण असू शकते. अशा जनावराला वैरणपाणी तर हवेच, पण त्याबरोबर निवडीची मोकळीक हवी. ऊन की सावली, हौद की गव्हाण, कळप की एकांत, हे ठरवण्यापुरते मोकळे आवार हवे, रोजचा एकच ओळखीचा गडी हवा, वैरणीपूर्वीची रोजची एकच हाक हवी. प्राण वाचवला म्हणजे जीवदया पूर्ण झाली, असे मानून आपण त्याला पुन्हा आखूड दाव्याने बांधले, तर बंध हा अतिचार पांजरपोळातच घडतो.

आता दुसरी बाजू. परिणाम बदलला की प्राण्याला हवे तसे घडवता येते, असा विश्वास एके काळी या शास्त्राला होता. त्याला पहिला धक्का स्किनर यांच्याच विद्यार्थ्यांनी दिला. केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने जाहिराती व मनोरंजनासाठी हजारो प्राणी शिकवले होते. १९६१ साली त्यांनी आपले अपयश प्रामाणिकपणे मांडले. रकून या प्राण्याला डब्यात नाणी टाकायला शिकवले, तर दोन नाणी हाती येताच तो ती सोडेना. एकमेकांवर घासत बसे. डुकराने लाकडी नाणी तोंडात धरून गल्ल्यात आणून टाकायची होती. काही आठवडे सुरळीत गेले आणि मग ते वाटेतच नाणे टाकून नाकाडाने उकरू लागले. असे करण्याने खाद्य लांबणीवर पडत होते, तरीही. प्रत्येक जातीचा आहार शोधण्याचा जन्मजात स्वभाव शिकवणुकीच्या वर येतो, असे त्यांनी म्हटले. जीवाचे वर्तन परिणामांनी घडते हे खरे, आणि ते स्वभावानेही बांधलेले असते हेही खरे. एकाच नयाचा आग्रह धरला की काय निसटते, हे अनेकांत मानणाऱ्या आपल्याला निराळे सांगावयास नको.

मग शिकतो तरी कोण कोण? येथे आपल्यापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. आपल्या शास्त्रात जीवांची विभागणी इंद्रियांच्या संख्येने केली आहे. भ्रमर चतुरिंद्रिय, आणि तो असंज्ञी, म्हणजे मनरहित मानला आहे. २०१७ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी भुंग्यासारख्या बंबलबी या मधमाशीला एक छोटा चेंडू ठरलेल्या जागी नेऊन ठेवायला शिकवले. बक्षीस होते साखरेचे पाणी. दुसऱ्या माशीला काम करताना पाहिलेल्या माश्या अधिक चांगल्या शिकल्या. इतकेच नव्हे, तर शिकवणारी माशी दूरचा चेंडू आणीत असताना, पाहणाऱ्या माश्यांनी आपली पाळी आल्यावर जवळचा चेंडू उचित मानला. याला मन म्हणावे काय, संज्ञी शब्दाचा शास्त्रातील अर्थ यापेक्षा निराळा आहे काय, याचा निर्णय विद्वानांनी करावा. मला एवढेच जाणवते की आपल्या शास्त्राने दयेसाठी मनाची अट कधीच घातली नाही. असंज्ञी म्हणून कोणताही जीव अहिंसेच्या कक्षेबाहेर ठेवलेला नाही. एकेंद्रिय पृथ्वीकाय आणि जलकायापर्यंत ती कक्षा पसरली आहे. आज अनेक सहृदय माणसे प्राणी हुशार आहेत म्हणून त्यांना जपा असे सांगतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण परीक्षेत गुण मिळवणाऱ्यालाच दया मिळणार असेल, तर नापास झालेल्या जीवाचे काय? जो शिकू शकत नाही त्यालाही जगणे प्रिय आहे.

प्राणी परस्परांसाठी स्वतःचे सुख सोडतात काय, याचेही प्रयोग झाले. १९६४ साली मॅसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माकडाने साखळी ओढली की त्याला खाद्य मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा धक्का बसे. बहुतेक माकडांनी कमी खाद्य देणारी दुसरी साखळी पत्करली. एकाने पाच दिवस आणि एकाने बारा दिवस कोणतीच साखळी ओढली नाही, उपाशी राहिले. हे वाचताना मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्तीची कथा आठवल्यावाचून राहत नाही. वणव्यापासून बचावासाठी सारे प्राणी एका मोकळ्या जागी दाटीवाटीने जमले असता त्याने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला, त्या रिकाम्या जागेत ससा येऊन बसला, आणि त्या सशासाठी हत्तीने अडीच दिवस पाय अधांतरी धरून ठेवला. कथा ती कथा आणि प्रयोग तो प्रयोग. २०११ साली शिकागो विद्यापीठात उंदरांनी कोंडलेल्या सोबत्याला सोडवले, तेव्हाही ती अनुकंपा की केवळ सोबतीची ओढ, यावर संशोधकांत मतभेद झाले. परंतु त्या बारा दिवसांच्या उपवासापुढे, साखळीला विजेची तार जोडणारा आणि साखळी सोडून देणारा यांत संयम कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

मग अतिचारांवाचून प्राण्याला शिकवता येते काय? या प्रश्नाला याच शास्त्राने होकारार्थी उत्तर दिले आहे. योग्य कृती होताच टिक् असा आवाज करायचा आणि लगेच आवडीचा घास द्यायचा, या क्लिकर पद्धतीने आज कित्येक प्राणिसंग्रहालयांत वाघ-अस्वले उपचारासाठी स्वतःहून जाळीजवळ येऊन उभी राहतात. प्राणी नको म्हणून निघून जाऊ शकतो, हे या पद्धतीचे मर्म आहे. टांझानियात अपोपो ही संस्था याच पद्धतीने, केळी-शेंगदाण्यांच्या बक्षिसावर, आफ्रिकेतील मोठ्या उंदरांना जमिनीत पुरलेल्या सुरुंगांचा वास ओळखायला शिकवते. उंदीर हलका असल्याने सुरुंग फुटत नाही. कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० साली ब्रिटनमधील एका प्राणिसेवी संस्थेने सुवर्णपदक दिले. २०२२ च्या जानेवारीत तो वृद्धापकाळाने मरण पावला. माणसाने माणसासाठी पेरलेली हिंसा एका मूक जीवाने हुंगून काढावी, यातील लाज आपली आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही दिशा घेतली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मारणे, अतिभार लादणे, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, आखूड साखळीने फार काळ बांधणे, अवयव तोडणे आणि पुरेसे अन्नपाणी न देणे हे गुन्हे मानतो. पाचही अतिचार त्यात आले. १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घालणारी अधिसूचना निघाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाच्या खांद्याकडे पाहिले, की कायदा आणि व्रत यांपैकी एकही त्या खांद्यापर्यंत पोहोचलेले नाही हे दिसते. त्या ऊसमळ्यांचे मालक आपल्या समाजातही आहेत. गाडीत किती मोळ्या भराव्यात, हे आपल्या बांधावर आपण ठरवू शकतो.

शेवटी एका नाजूक विषयाचा उल्लेख करतो. २०२५ साली मुंबई महानगरपालिकेने कबुतरखान्यांवर कारवाई केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि आपल्या समाजात मोठी अस्वस्थता निर्माण झाली. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवतो. दाणा टाकणारा हात दया करतो, त्याबरोबर तो शिकवीतही असतो. रोज एका जागी दाणे टाकले की हजारो पक्षी त्याच जागी जमायला शिकतात, आणि मग त्या दाटीतून होणाऱ्या उपद्रवाची व आजारांची चिंता शेजाऱ्यांना करावी लागते. तसेच दाणा एकाएकी बंद केला तर काय होते, हेही प्रयोगांत दिसले आहे. मिळणारे फळ अचानक थांबले की कबुतरे आधी अधिक धडपडतात आणि परस्परांवर चोची मारतात. म्हणून दाणे टाकण्यात जसा विवेक हवा, तसाच तो थांबवण्यातही हवा. बदल करायचाच झाला तर तो हळूहळू, जागा आणि प्रमाण यांचा विचार करून व्हावा.

साऱ्या संशोधनाचे सार मी एवढेच समजतो. प्राणी परिणामांतून शिकतो, आणि माणसाच्या सहवासात राहणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला येणारे परिणाम बहुतांशी आपल्या हाती असतात. गोठ्यातला बैल मारका झाला, कुत्रा चावरा झाला, गाय भेदरट झाली, तर दोष त्याच्या जातीला देण्यापूर्वी आपण त्याला रोज काय शिकवीत आलो ते आठवावे. पाच अतिचारांची यादी प्रतिक्रमणात म्हणताना ती गोठ्यात, पांजरपोळात आणि घरातल्या पिंजऱ्याजवळही एकदा म्हणून पाहावी. पुढील पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टच्या जीवदया निधीतून चारा-पाण्याबरोबर मोकळ्या आवारासाठी, आणि गड्यांना मारल्यावाचून जनावर हाताळण्याचे शिक्षण देण्यासाठीही काही तरतूद व्हावी, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती करतो.